जुन्या रेडिओचा गंज

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव किंवा गोवे, कोठेही पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी घराचा माळा उतरविला की तीन वस्तू बहुधा निघतात : देवघरातील जुनी तांब्या-पितळेची भांडी, मोडी कागदांचे रुमाल आणि चार-पाच व्हॉल्व्हचा एक अवजड रेडिओ. पहिल्या दोहोंना वाली आहे. भांड्यांची किंमत घरातील स्त्रिया जाणतात आणि मोडी कागदांसाठी कोणी ना कोणी अभ्यासक दार ठोठावतो. रेडिओ मात्र एक तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो, नाही तर घरातील एखादा उत्साही तरुण तो 'नवा' करावयास घेतो. आमच्या मते या दोन संकटांपैकी दुसरे अधिक फसवे आहे. भंगारात गेलेली वस्तू गेली, हे निदान कळते. घासून लखलखीत केलेल्या वस्तूतून काय गेले, याचा पत्ता कोणालाच लागत नाही.

रेडिओच्या लोखंडी भागांवर चढणारा गंज आणि तो काढण्याच्या रीती, एवढाच या लेखाचा विषय आहे. विषय लहान वाटेल. परंतु गंज कोठे थांबवावा, कोठे काढावा आणि कोठे त्याला मुळीच हात लावू नये, हे ठरविण्यासाठी त्या यंत्राचा इतिहास ठाऊक असावा लागतो, आणि तो इतिहास आपल्या घरांच्या इतिहासापासून फार दूर नाही.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव ८ जून १९३६ पासूनचे. हा ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास झाला. संस्थानांचा निराळा होता, आणि आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज त्या निराळ्या इतिहासात राहत होते. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानांकडे स्वतःची पाच केंद्रे होती : म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, औरंगाबाद आणि बडोदे. यांपैकी औरंगाबाद तर निजामाच्या राज्यातील मराठी मुलखाचेच केंद्र. बडोदे आणि हैदराबाद येथे मराठी घरे दीडशे-दोनशे वर्षांपासूनची. तिकडे पोर्तुगिजांच्या गोव्यात १९४६ पासून 'एमिसोरा द गोआ' चालू होते. फाळणीपूर्वीच्या संचांच्या काचेवर लाहोर, पेशावर आणि डाक्का ही नावे मुंबई-दिल्लीच्या ओळीत बसलेली आढळतात. एखाद्या घराने कोणता संच घेतला, त्याला कोणते पट्टे होते, घरातल्यांनी लघुलहरी पकडण्यासाठी एरियल कोठवर नेली होती, यावरून त्या घराचे कान कोणत्या दिशेला होते हे कळते. हे सारे कागदावर कोणी लिहून ठेवलेले नसते. ते त्या पेटीत असते.

आता त्या पेटीच्या आत पाहू. बाहेरून लाकूड किंवा बेकेलाइट दिसले, तरी व्हॉल्व्ह-रेडिओचा सांगाडा पोलादी पत्र्याचा असतो. त्याला कारागीर 'चासी' म्हणत. या उलट्या ठेवलेल्या तबकासारख्या पत्र्यात भोके पाडून त्यावर व्हॉल्व्हच्या बैठका, ट्रान्सफॉर्मर, गँग कंडेन्सर आणि खाली सारे वायरिंग बसवीत. ट्रान्सफॉर्मरचा गाभा सिलिकॉनयुक्त पोलादाच्या पातळ पत्र्यांचा. लाऊडस्पीकरची चौकट दाबीव पोलादाची. गँगची चौकट पोलादी, पण तिची पाने ॲल्युमिनियमची. बटणे दांड्यावर घट्ट धरणारे चिमुकले स्क्रू पोलादाचे, आणि तेच सर्वांत आधी गंजून बसतात. म्हणजे एकाच हातभर पेटीत चार-पाच धातू शेजारी नांदत असतात, आणि एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष असते. गंज काढताना होणारे बहुतेक अनर्थ या एका गोष्टीच्या विस्मरणातून होतात.

पोलादी पत्रा उघडा ठेवीत नसत. चांगल्या कारखान्यांच्या चासीवर कॅडमियम या धातूचा मुलामा असे. स्वस्त संचांवर जस्ताचा. कॅडमियमचा मुलामा व्यापारी प्रमाणावर रूढ झाला तो १९२०च्या दशकात, म्हणजे नभोवाणीच्याच वाढीच्या काळात. त्यावर डाख सहज बसतो आणि खाऱ्या दमट हवेत तो चांगला टिकतो, म्हणून रेडिओवाल्यांनी तो उचलला. माळ्यावरचा रेडिओ उघडल्यावर चासी मळकट करड्या रंगाची, कोठे पिवळसर झाक असलेली दिसते. नव्या माणसाला तो मळ वाटतो आणि तो पॉलिश पेपर हाती घेतो. वस्तुतः तो मुलामाच असतो, पत्र्याचे कवच. तो घासून काढला की खालचे पोलाद काही दिवस आरशासारखे चमकते आणि पहिल्याच पावसाळ्यात लाल होते. शिवाय कॅडमियम विषारी आहे. त्याची धूळ नाकात जाणे धोक्याचे, हे आज सर्वमान्य आहे. तेव्हा अशी चासी कोरडी घासणे, विशेषतः यंत्राने घासणे, संचाच्या आणि घासणाऱ्याच्या, दोघांच्याही प्रकृतीला वाईट.

गंज चढतो कसा? लोखंड, प्राणवायू आणि पाणी यांचा मेळ झाला की तो होतो, हे शाळेत सर्वजण शिकतात. त्यापुढची गोष्ट इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी दोन महायुद्धांच्या दरम्यान प्रयोगांनी दाखविली. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या खाली असेल तर गंज अगदी मंद असतो. ती मर्यादा ओलांडली आणि हवेत धुराचे गंधकी वायू असले की तो झपाट्याने वाढतो. इंदूर-ग्वाल्हेरकडील संच आणि पणजी-मडगावकडील संच यांच्या अवस्थेतील फरक यावरून उलगडतो. माळव्यात पावसाळ्याचे चार महिने सोडले तर हवा कोरडी. तेथील रेडिओला धूळ अधिक खाते. कोकणपट्टीत आर्द्रतेच्या जोडीला मीठ येते. मिठातील क्लोराइड गंजाच्या थराखाली दडून बसते, आणि वरचा गंज खरवडून काढला तरी खालून पुन्हा उगवते. अशा भागाला नुसते खरवडून भागत नाही, तो धुऊन आतले मीठ बाहेर काढावे लागते.

एक कारण मात्र सर्व प्रदेशांना समान आहे, आणि ते सांगताना आम्हांस हसू येते. ते म्हणजे उंदीर. माळ्यावरच्या रेडिओत उबदार घरटे करणारा उंदीर चासीवर जे करतो त्यातील क्षारांनी मुलामा फुटतो आणि नेमक्या तेवढ्याच जागी पत्र्याला भोके पडतात. गंजाचा डाग चासीच्या मधोमध, गोलसर आणि खोल असेल, तर छप्पर गळत होते असे समजू नये.

सर्वच गंज शत्रू नसतो, हेही येथे सांगितले पाहिजे. पवारांच्या धारेत लाट मशिदीजवळ तीन तुकड्यांत पडलेला लोहस्तंभ आमच्या माळव्याकडील वाचकांनी पाहिलेला असेल. शतकानुशतके उघड्यावर राहून तो टिकला आहे. दिल्लीच्या स्तंभाचा अभ्यास कानपूरच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी केला. जुन्या पद्धतीने गाळलेल्या लोखंडात फॉस्फरस अधिक असल्याने पृष्ठभागावर एक पातळ, घट्ट थर बनतो आणि तोच पुढचा गंज अडवितो, असे त्यांनी दाखविले. कारखान्यातील आधुनिक पोलादाला ही देणगी नाही. त्याचा गंज भुसभुशीत असतो, मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो आणि पापुद्र्यांनी सुटत जातो. फॉस्फरसची आठवण मात्र ठेवावी. ती पुढे कामी येणार आहे.

रेडिओच्या धातूंची खरी परीक्षा झाली ती दुसऱ्या महायुद्धात. ब्रह्मदेशाच्या आणि न्यू गिनीच्या जंगलांत दोस्तांच्या सैन्याचे बिनतारी संच शत्रूच्या गोळ्यांइतकेच ओलीने आणि बुरशीने निकामी होऊ लागले. इंग्लंड-अमेरिकेच्या हवेसाठी बनविलेली यंत्रे मोसमी पावसात काही आठवड्यांत मान टाकीत. त्यावर उपाय म्हणून संचांना उष्ण कटिबंधासाठी 'तयार' करण्याची पद्धत निघाली. सुट्या भागांवर बुरशीनाशक मिसळलेल्या लाखेचा फवारा मारायचा, भाग हवाबंद डब्यांत घालायचे, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या. अमेरिकी संचांवर असे काम झाल्याची खूण म्हणून 'एम. एफ. पी.' ही अक्षरे आणि तारीख यांचा शिक्का मारीत. आपल्या पावसाळ्याने पाश्चात्त्य यंत्रशास्त्राला जो धडा दिला, त्याची ती लेखी पावतीच म्हणावयाची.

युद्ध संपल्यावर हे संच 'डिस्पोजल'च्या नावाने हिंदुस्थानच्या बाजारांत आले. त्या काळातील हौशी बिनतारीवाल्यांनी आणि मेकॅनिकांनी त्यांतूनच आपली विद्या मिळविली. त्यांपैकी रणगाड्यांसाठी बनविलेला 'क्रमांक १९'चा ब्रिटिश संच विशेष प्रसिद्ध आहे. त्याच्या कित्येक नगांच्या दर्शनी पट्टीवर इंग्रजीबरोबर रशियन अक्षरे असतात. कॅनडात बनलेले हे संच सोव्हिएत संघालाही पुरवावयाचे होते, म्हणून ती दुहेरी अक्षरे. आता कल्पना करावी की असा एक संच आपल्या हाती आला आहे, पट्टीवर गंजाचे ठिपके आहेत आणि कोणी ती पट्टी तेजाबाने धुऊन, पुन्हा काळा रंग मारून, वर पांढऱ्या रंगाने सुबक इंग्रजी अक्षरे काढली. पट्टी नवी दिसेल. स्टालिनच्या सैन्यासाठी निघालेली वस्तू आपल्या गावच्या बाजारात कशी पोचली, हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरणार नाही.

हे केवळ कल्पनेने लिहीत नाही. आम्ही राज्य शासनाच्या सेवेत असताना एका कार्यालयाच्या भांडारात युद्धकाळातील काही बिनतारी संच आम्ही पाहिले होते. पुराच्या काळात निरोप पोचविण्यासाठी ते कधी काळी वापरले गेले असावेत. त्या भांडाराशी आमचा अधिकृत संबंध नव्हता. जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्यांचे वर्णन 'जुने लोखंडी सामान' एवढेच होते. निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर झाल्यावर, लिलावात बरा भाव यावा म्हणून, ते संच न्हाणीघर धुण्याच्या ॲसिडने पुसून घेण्यात आले. निर्मात्यांच्या पितळी पट्ट्या काळ्या पडल्या, त्यांवरचे क्रमांक विरघळल्यासारखे पुसट झाले, आणि आठ दिवसांत सारे सामान पूर्वीपेक्षा लाल दिसू लागले. शेवटी ते वजनावर गेले. नियमाप्रमाणे त्यात काहीही चुकीचे झाले नाही. नोंदवहीत वजन भरले, रक्कम जमा झाली, रकाना बंद झाला.

युद्धातील याच यंत्रविद्येची दोन अपत्ये आपल्या ओळखीची आहेत. पहिले म्हणजे रेडिओ सिलोन. आग्नेय आशियातील दोस्त सैन्याच्या मुख्यालयासाठी कोलंबोला उभारलेले शक्तिशाली प्रक्षेपण केंद्र युद्धानंतर सिलोनकडे आले आणि १९५२ पासून त्याच्यावरून 'बिनाका गीतमाला' घरोघर ऐकू येऊ लागली. दुसरे अपत्य अधिक जवळचे. दादरा व नगर हवेली १९५४ साली मुक्त झाल्यावर हाती आलेल्या बिनतारी यंत्रांतून एक गुप्त प्रक्षेपक उभा राहिला, आणि २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी तो गोव्याच्या सीमेबाहेरील जंगलातून कोकणी व पोर्तुगीज भाषांत चालविला. प्रथम आंबोलीच्या बाजूस आणि पुढे कॅसलरॉकच्या परिसरात, असे डिसेंबर १९६१ पर्यंत सहा पावसाळे त्या यंत्राने काढले. आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणातला एक पावसाळा काढलेला रेडिओ ज्यांनी उघडून पाहिला आहे, त्यांना या सहा पावसाळ्यांचा अर्थ निराळा सांगावयास नको. सालाझारच्या राजवटीला उत्तर देणारा तो आवाज जितका देशभक्तीवर टिकला, तितकाच कोणाच्या तरी हातातील कोरड्या फडक्यावरही टिकला असला पाहिजे. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने बांबोळीचे पोर्तुगीज बिनतारी केंद्र बाँबफेक करून बंद पाडले, आणि दुसऱ्याच दिवशी गोवे मुक्त झाले.

आता गंज काढण्याच्या रीतींकडे वळू. त्यांचाही इतिहास आहे, आणि त्यातील निम्मा आपल्या स्वयंपाकघरात आहे.

चिंचेच्या कोळाने पितळ उजळते, हे प्रत्येक घर जाणते. चिंच, लिंबू, आमसूल, शिरका या सर्वांतील आम्ले गंजही विरघळवितात. एखादा सुटा स्क्रू, पोलादी क्लिप किंवा कंस रात्रभर शिरक्यात किंवा लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात ठेवला तर सकाळी गंज बोटाने निघतो. परंतु हेच आम्ल कॅडमियम आणि जस्तही खाते. म्हणून हे औषध फक्त मुलामा नसलेल्या, संचातून सोडवून काढलेल्या भागांसाठी. बाजारातील हायड्रोक्लोरिक ॲसिड तर घरातच आणू नये. त्याच्या वाफा बाटली बंद असली तरी निसटतात आणि त्याच कपाटातील इतर लोखंडाला गंजवितात.

कल्हईवाल्याच्या विद्येतही असाच सापळा आहे. कल्हईवाला भांड्यावर नवसागर टाकतो. त्याने धातू स्वच्छ होऊन कथिल धरते. रेडिओच्या कामात नवसागर वर्ज्य. डाख देताना तेथे फक्त राळ वापरतात, कारण राळ थंड झाल्यावर निरुपद्रवी होऊन बसते. नवसागराचा अंश मात्र हवेतील ओल ओढीत राहतो आणि सांध्याभोवती हिरवा कळंक चढवितो. जुन्या संचात एखाद्याच सांध्याभोवती असा हिरवेपणा दिसला, तर तेथे केव्हा तरी गावच्या तांबट-कासाराने हात फिरविला आहे, असे खुशाल समजावे. हीही एक नोंदच. फोटो काढून घ्यावा आणि मग तो सांधा दुरुस्त करावा.

विजेच्या साहाय्याने गंज काढण्याची रीत संग्रहालयांतून आली. नॉर्वेचे रसायनशास्त्रज्ञ क्रेफ्टिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोखंडी पुराणवस्तूंसाठी जस्त आणि दाहक सोडा यांची पद्धत वापरली. बर्लिनच्या राजकीय संग्रहालयांनी १८८८ मध्ये रासायनिक प्रयोगशाळा काढली. तिचे पहिले प्रमुख फ्रीडरिश राट्गेन यांनी १८९८ साली या साऱ्या रीती ग्रंथबद्ध केल्या. आपल्याकडे मद्रासच्या सरकारी संग्रहालयात १९३० साली एस. परमशिवन यांच्या देखरेखीखाली अशी प्रयोगशाळा सुरू झाली आणि दक्षिणेतील कित्येक ब्राँझ मूर्तींवरील विनाशक थर विजेच्या याच तत्त्वाने उतरविण्यात आले. नटराजाच्या मूर्तीला लागू पडलेले तत्त्व रेडिओच्या कंसाला लागू पडू नये असे काही नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर पाणी आणि शंभर ग्रॅमपर्यंत धुण्याचा सोडा घ्यावा. गंजका भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि एखादी टाकाऊ लोखंडी पट्टी धन टोकाला जोडावी. दोन्ही एकमेकांस लागता कामा नयेत. बारा व्होल्ट पुरतात. भागाभोवती बुडबुडे येतात आणि काही तासांत गंज काळ्या, मऊ साईसारखा होऊन ब्रशने निघतो. खालचे निरोगी लोखंड मात्र खाल्ले जात नाही. हाच या रीतीचा आम्लावरील मोठा फायदा, आणि खाऱ्या प्रदेशातील भागांतून क्लोराइडही यातच बाहेर पडते. पथ्ये तीन आहेत आणि ती मोडू नयेत. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून काम उघड्यावर आणि विस्तवापासून दूर करावे. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. आणि ॲल्युमिनियमचा, मुलाम्याचा किंवा स्प्रिंगचा भाग या बादलीत कदापि सोडू नये. ॲल्युमिनियम सोड्यात विरघळते आणि कठीण पोलादाची स्प्रिंग हायड्रोजनने ठिसूळ होते.

जेथे भाग सुटा करता येत नाही, किंवा गंज काढला तर अक्षरेही जातील अशी भीती असते, तेथे गंज न काढता त्याचेच रूपांतर करावे. फॉस्फरसची आठवण ठेवण्यास आम्ही सांगितले ते यासाठी. इंग्लंडमध्ये टॉमस कॉस्लेट यांनी १९०६ साली फॉस्फोरिक आम्लाने पोलादावर फॉस्फेटचा थर चढविण्याचे पेटंट घेतले. आज बाजारात मिळणारी गंजरोधक द्रावणे त्याच वंशातली. दिल्ली-धारच्या लोहाराने भट्टीतून जे साधले, त्याचा हा कारखानी भाऊबंद म्हणता येईल.

परंतु आमचा ओढा हिरड्याकडे आहे. हिरड्यातील टॅनिन आणि लोखंड यांचा संयोग झाला की निळसर काळे, न विरघळणारे संयुग बनते. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई ज्यांच्या घरच्या कागदांवर आहे, त्यांना या रसायनाची ओळख करून देण्याची गरज नाही. सह्याद्रीतील हिरडा इंग्लंडच्या कातडी कमावण्याच्या कारखान्यांत जात असे, तोही याच टॅनिनसाठी. चेक संशोधक पेलिकान यांनी १९६६ मध्ये 'स्टडीज इन कॉन्झर्व्हेशन' या नियतकालिकात लोखंडी पुराणवस्तूंसाठी टॅनिनची रीत मांडली आणि संग्रहालयांनी ती उचलली. संग्रहालये शुद्ध टॅनिक आम्ल वापरतात, आणि मोलाच्या वस्तूला तेच वापरावे. ट्रान्सफॉर्मरच्या झाकणासारख्या साध्या भागाला हिरड्याचा गाळून घेतलेला दाट काढाही उपयोगी पडतो. सुटा गंज मऊ ब्रशने झाडून, काढ्याचा पातळ हात द्यावा, वाळू द्यावा, पुन्हा द्यावा. लाल पृष्ठभाग हळूहळू काळा होतो. तो नवा दिसत नाही, जुनाच दिसतो, आणि आम्हांस तो तसाच आवडतो. ट्रान्सफॉर्मरच्या उघड्या पत्र्यांना मात्र कोणताही पातळ पदार्थ चोळू नये. तो पत्र्यांच्या फटींतून आतल्या तारेपर्यंत शिरतो.

काही गोष्टी झटपट सांगून टाकतो. स्टील वूल रेडिओजवळ आणू नये; त्याचे केसाएवढे तुकडे वायरिंगमध्ये शॉर्ट करतात आणि लाऊडस्पीकरच्या चुंबकाच्या फटीत जाऊन बसले तर आवाज कायमचा खरखरीत होतो. अडकलेल्या स्क्रूला रॉकेलचा थेंब देऊन एक दिवस थांबावे. घाई केली की डोके तुटते. कित्येक वर्षे बंद असलेला संच 'चालतो का पाहू' म्हणून थेट विजेला जोडू नये. त्यातील जुने कंडेन्सर फुटू शकतात आणि काही संचांची चासीच जिवंत होते. युद्धकाळातील ज्या संचांच्या तबकड्या अंधारात चमकाव्यात म्हणून रंगविलेल्या आहेत, त्या रंगात रेडियम असू शकते. ती तबकडी खरवडू नये, उघडूही नये. गंज काढलेला भाग कोरडा झाल्याबरोबर त्यावर मेणाचा किंवा चपड्याच्या लुकणाचा पातळ हात द्यावा. चपडा म्हणजे आपल्याच पळस-कुसुमावरची लाख. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही तिच्याच, आणि रेडिओच्या वेटोळ्यांवर कारखान्यात चढविलेले लुकणही पुष्कळदा तिचेच असे.

हात न लावण्याच्या जागा आता सांगावयास हव्यात. चासीच्या मागच्या काठावर ठोकलेला क्रमांक. निर्मात्याची आणि पेटंटांची पट्टी. रबरी शिक्क्याची तारीख. व्हॉल्व्हच्या बैठकीशेजारी छापलेली अक्षरे. पेटीच्या आत चिकटविलेला मांडणीचा कागद. मेकॅनिकाने पेन्सिलीने खरडलेली दुरुस्तीची तारीख किंवा दुकानाचे नाव. या जागांवर गंज असला तरी प्रथम तिरप्या उजेडात त्यांचा फोटो घ्यावा. तिरप्या उजेडात गंजाखालचे ठोकलेले आकडे पुष्कळदा वाचता येतात, सरळ उजेडात येत नाहीत. मग त्या जागेभोवती काम करावे आणि तिच्यावर फक्त मेण द्यावे. काचेच्या तबकडीवरील केंद्रांची नावे आतल्या बाजूने छापलेली असतात, आणि कित्येक तबकड्यांवर ती ओल्या फडक्याच्या एका फटक्यात उतरतात. लाहोर असे पुसून गेले की परत येत नाही.

रेडिओबरोबर त्याचे लायसन्सही शोधावे. घरात रेडिओ ठेवावयाचा तर पोस्टात दरवर्षी फी भरून परवाना घ्यावा लागे, तिकिटे चिकटविलेले ते पुस्तक असे. १९८०च्या दशकात ही पद्धत रद्द झाली. परवान्यावर घरमालकाचे नाव, पत्ता आणि वर्षे असतात. नोकरीच्या बदलीबरोबर रेडिओ ग्वाल्हेरहून इंदूरला किंवा बेळगावहून बडोद्याला आला असेल तर तेही त्यात उतरते. चासीवरचा क्रमांक टिपून परवान्याबरोबर ठेवला की आतापर्यंत जुने लोखंडी सामान असलेली वस्तू एका घराची, एका गावाची आणि एका सालाची होते.

काम आटोपल्यावर पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पेन्सिलीने लिहावे : कोणता भाग काढला, कशाने स्वच्छ केला, कोणता गंज जाणून ठेवला, तारीख आणि नाव. शाई ओलीने पसरते, पेन्सिल पसरत नाही. तो कागद पेटीच्या आत, ट्रान्सफॉर्मरच्या उष्णतेपासून दूर, मागच्या पुठ्ठ्याला दोऱ्याने बांधावा. संच माळ्यावर परत न चढविता घराच्या आतल्या भिंतीशी, जमिनीपासून वीतभर उंच ठेवावा, आणि मृगापूर्वी एकदा मागचा पुठ्ठा काढून आत पाहावे.